निरंक

विद्यापीठाच्या नमुन्यात रकाना क्रमांक सात:
सहायक प्रशिक्षकाचा पूर्वानुभव.
रुंदी दीड बोट.
मी आस्थापना शाखेत. बावीस वर्षं
माणसं दीड बोटात बसवत आलेय.

मुख्य प्रशिक्षकांचं सोपं असतं.
डिप्लोमा, तीन शिबिरं, एक उजळणी वर्ग.
मंगळवारी येतात, बाकीचे दिवस फोन करतात.
त्यांचा मजकूर रकान्याबाहेर सांडतो.

इस्राएल तुपसुंदर टेबलासमोर उभा.
बसा म्हटलं तरी उभाच.
अकरा वर्षं रोलिंग मिल, रात्रपाळी.
लालभडक सळई रुळांतून सुटून येते,
ती चिमट्यात धरायची, जागच्या जागी वळायचं
आणि पुढच्या खाचेच्या तोंडी द्यायची.
मी विचारलं, "आणि चुकली तर?"
त्यानं पॅन्टचा पाय वीतभर वर केला,
लगेच सोडला.
"डोळ्यानं सळई धरता येत नसती मॅडम.
पाय आधी हालला पाहिजे."
गोलकीपर व्हायला आलेली पोरं
पहाटे त्याच्यापुढं हात मागं बांधून उभी असतात.
पहिले आठ दिवस नुसते पाय.

हे कुठल्या शीर्षाखाली टाकू?
"निरंक लिहा की," तो म्हणाला.
आमच्या ऑफिसातला शब्द. कुठून उचलला कोण जाणे.

मुनव्वरभाई क्लॅरनेटवाले, कदीम जालन्याचे.
घोड्याकडं तोंड करून
शेकडो वरातींत उलट्या पावलांनी चालले,
खड्डे, जनरेटरची वायर, झिंगलेले मामा,
सगळं पाठीला कळायचं.
हल्ली बचावफळीला उलटं पळवतात:
"पीछे मत देखो रे बच्चों, पीछे जो है सो है.
बॉल सामने से आता."
सूर अजून आहे. शिट्टीसुद्धा जरा लांबवतात.

आणि वाघमोडे. सगळं कॉलेज फौजी सर म्हणतं.
सेवापुस्तक माझ्या हातात आलं,
ट्रेडपुढं लिहिलेलं: स्वयंपाकी.
मी वाचलं. मी वाचलं हे त्यांनी पाहिलं.
मी ते पान फाइलच्या तळाशी घातलं.
मग तेच बोलले, खिडकीकडं बघत,
की पलटणीच्या संघात एक गडी कमी पडला होता,
कणीक तशीच परातीत ठेवून गेलो,
डाव्या बगलेला, एका मॅचपुरता;
नऊ वर्षं खेळलो.
कोणतं पोरगं उपाशी आलंय
हे त्यांना धावपट्टीच्या या टोकावरून दिसतं.
त्याला फेऱ्या लावत नाहीत.
बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांध म्हणतात,
तोवर खिशातून गूळ-शेंगदाणे निघतात.

तिघांच्या रकान्यात मी निरंक टाइप केलं.
तीन वेळा. सरावाचा शब्द, बोटं अडत नाहीत.

मॅच मी कधी बघितली नव्हती.
मानधनाच्या बिलावर सह्या राहिल्या होत्या
म्हणून मैदानावर गेले, तिकीट लावायचा डिंक पर्समध्ये.
समोर बीडचा संघ, अंगानं थोराड.
शेवटच्या मिनिटांत त्यांचा एकजण मोकळा सुटला,
पायातून चेंडू निघाला तेव्हा मी डोळे मिटले,
उघडले तर आमचा गोलकीपर
चेंडू पोटाशी घेऊन मातीत पडलेला.
शेजारचा म्हातारा म्हणाला,
"पाय बगितला का त्याचा? आधीच निघाला व्हता."
मी कुठला बघतेय.

मॅच बरोबरीत. कुणी नाचलं नाही.
मुनव्वरभाई पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते.

दुसऱ्या दिवशी अहवालाचा नमुना आला.
स्वीकारलेले गोल: निरंक.
बिल आणि अहवाल दोन्ही पुढं सरकवले.
इस्राएलनं सही करताना पेन थांबवलं,
एका कागदावर बोट, मग दुसऱ्यावर:
"मॅडम, ह्यो अन् त्यो, शब्द एकच हाय का?"

एकच आहे, म्हटलं.

"मग असू द्या."
आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला.